'शमुवेल' ते 'समाजी' : एका हिब्रू पुरुषनामाचा अर्थ व मराठी रूप

'समाजी' हे नाव ऐकताच आपल्याला ते अस्सल मराठी वाटते. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजात मात्र ते 'शमुवेल' या हिब्रू नावाचे रूप आहे. प्रस्तुत लेखात या नावाचा अर्थ व मराठीतील रूपांतर यांचा विचार केला आहे.

बायबलातील हन्ना, मुलगा परमेश्वराजवळ मागितला म्हणून त्याचे नाव शमुवेल ठेवते. परंतु मागणे या अर्थाचा 'शाअल' हा धातू खरा बसतो तो 'शौल' या नावात. 'शामा' म्हणजे ऐकणे, यावरून 'ईश्वराने ऐकलेला' असाही अर्थ सांगितला जातो. मात्र त्या धातूतील 'अयिन' हे व्यंजन या नावात नाही. म्हणून 'शेम' (नाव) आणि 'एल' (ईश्वर) यांपासूनची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

मुंबईतील 'शाआर हारहमीम' हे सिनेगॉग १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी उभारले. इंग्रजी ग्रंथांत हेच गृहस्थ सॅम्युअल इझिकेल दिवेकर होतात. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर 'सॅम्युअल' रूढ झाले व तेच मूळ रूप मानले गेले. वस्तुतः तेही ग्रीकमार्गे आलेले. ग्रीकमध्ये 'श' नसल्याने त्याचा 'स' झाला.

हंबीरराव मोहिते यांचे मूळ नाव हंसाजी; दिवेकर आडनाव हिंदूंतही आढळते. त्यामुळे जुन्या कागदपत्रातील 'समाजी हसाजी दिवेकर' या तीन शब्दांवरून धर्म ठरविता येत नाही. त्यासाठी सिनेगॉगच्या नोंदी किंवा कबरीवरील हिब्रू लेखच पाहावे लागतात.