वेदनेचा पहारा उठल्यावर

कुष्ठरुग्णाचे पाऊल झडते त्याचे मुख्य कारण संवेदना हरपल्यावर नकळत होणाऱ्या जखमा हेच होय, असे जे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, ते मधुमेहाने बधिर झालेल्या पावलासही बहुतांशी लागू पडते. कारण तेथेही जखमेची वर्दी मेंदूस पोहोचत नाही. म्हणून रोज रात्री, तळवा दिसत नसल्यास आरसा धरून, पायांची तपासणी करावी, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, कुरूप ब्लेडने कापू नये, आणि घरातही अनवाणी वावरू नये. देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नव्हे. तंबाखू वर्ज्य, चालणे नित्याचे, रक्तशर्करा ताब्यात. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने संवेदना तपासून घ्यावी. या चाचणीस काही मिनिटेच लागतात.