घाटातला चढ आणि सातेरीचा पावसाळा

धावणं मला आवडत नाही. पहाटे बुटांच्या नाड्या बांधताना येणारा कंटाळा इतक्या महिन्यांनंतरही तसाच आहे. तरीही सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं, ते पैशांसाठी. मधमाश्यांसाठी मदत मागितली की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. तेच ‘मी एकवीस किलोमीटर धावणार आहे, किलोमीटरमागे काहीतरी द्या’ म्हटलं की लगेच आकडा सांगतात. आपल्या वहिनीला, मावशीला यवतेश्वराचा घाट चढायचाय म्हटल्यावर घरच्यांचा जीव गुंततो. माशीसाठी तसा कुणाचा गुंतत नाही.

शर्यत सप्टेंबरात असते, म्हणजे सराव भर पावसात. समर्थ मंदिर मागे टाकलं की चढ सुरू होतो आणि पोटऱ्यांना लगेच कळतं. इथे लांब ढांगा टाकून उपयोग नाही. पावलं आखूड, नजर चार पावलांपुढे, खांदे सैल, आणि वेग एवढाच की शेजारच्याशी एक अख्खं वाक्य बोलता यावं. वाक्य मध्येच तुटायला लागलं की सरळ चालायचं, दम परत आला की पुन्हा धावायचं. हे शिकवणारा माझा भाचा होता आणि त्याचं मी निमूटपणे ऐकलं. डांबरावरून पाण्याचे ओहोळ वाहत असतात, धुक्यात वळण दिसत नाही, मोजे पहिल्याच किलोमीटरला भिजतात.

नेमके हेच महिने सातेरी या आपल्या देशी मधमाशीच्या उपासमारीचे. पैसे कशासाठी जमवतेय ते आधी बघावं, म्हणून जावळी तालुक्यातल्या एका जुन्या मधपाळ काकांकडे जायला लागले. पावसाने उघडीप दिली की सकाळी दहाच्या सुमारास ते पेट्या तपासतात. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, माश्यांची जायची-यायची वाट अडते. बाजूला उभं राहायचं. झाकण उचलून धुराचे दोन हलके झोत, मग एकेक चौकट सरळ उभी वर काढायची. आडवी धरली तर पातळ मकरंद गळतो.

भरल्या हंगामातली चौकट पाहिली तर वर मधाची कमान, तिच्याखाली परागाचा रंगीत पट्टा आणि मध्यभागी अंडी-अळ्यांचा भरगच्च गोल दिसतो. जुलैत काकांनी माझ्यापुढे धरलेल्या चौकटीत वरची कमान नव्हतीच. परागाची घरं तुरळक. राणीने अंडी घालणं आवरतं घेतलेलं, कारण वाढवायला अन्नच नाही. दहा-बारा घरांच्या बुडाशी अळ्या होत्या आणि त्यांच्यावर कामकरी माश्या दाटीने बसलेल्या. पिल्लांची जागा तेहेतीस ते पस्तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवावी लागते. बाहेर गार वारा असताना ती ऊब माश्या स्वतःच्या अंगातून तयार करतात, आणि त्यालाही मधच जळतो.

काकांनी तळफळी काढून खरवडली. तिथल्या कचऱ्यात मेणकिड्याची अळी होती, ती चिरडली. कमकुवत वसाहतीत हा किडा शिरला की पोळ्यात जाळी विणत जातो, आणि सातेरी मग पेटी सोडून निघून जाते. साखरेचा पाक ते संध्याकाळी ठेवतात, दिवसा ठेवला तर वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या येऊन लुटालूट करतात. पाकाची वाटी ठेवता ठेवता म्हणाले, ‘‘पेट्या लई आल्या गावात, ताई. पर यास्नी खायाला काय हाय ह्या दिसांत?’’

माझी मोहीम तोवर ‘एक पेटी, एक कुटुंब’ अशा थाटात चालली होती. काकांच्या त्या प्रश्नाने तिची दिशा बदलली. महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात मधपाळ आहेत, कौशल्य आहे. 2022 साली महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मध मिळतो तो जांभूळ, हिरडा, गेळा आणि पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या कारवीच्या गोतावळ्यातून. हा फुलोरा तुटला, जळला, की पेटी म्हणजे रिकामं खोकं.

सातेरीबद्दल मला विशेष माया आहे. 1962 साली हिमाचलातल्या नगरोटा बगवां इथे मेलिफेरा ही परदेशी मधमाशी यशस्वीपणे रुजवली गेली. ती मध जास्त देते, ट्रकमधून फुलोऱ्यामागे फिरवता येते, आणि व्यापारी मधुपालनाचा बराच भार तिच्यावर आहे. पण डोंगरउतारावर, गारठ्यातही लवकर कामाला निघणारी माशी आपली सातेरी. व्हरोवा हा कोळीवर्गीय परजीवी मेलिफेराच्या वसाहती उद्ध्वस्त करतो; सातेरी त्याची मूळ यजमान, त्याला अंगावरून वेचून काढायला ती पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली. तरी तीही अभेद्य नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. तिला जपायचं ते मधासाठीच असंही नाही. कांद्याच्या बियाण्याच्या गोंड्यात प्रत्येक फुलाचा पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कुणीतरी लागतं. ते काम प्रामुख्याने माश्यांचं.

शर्यतीच्या दिवशी वाहनं बंद होती. ढोल-ताशे, पाण्याचे पेले पुढे करणारी शाळकरी मुलं, आणि माझ्या पुढेमागे हजारो पावलांचा ओल्या रस्त्यावरचा आवाज. घाटाच्या वरच्या भागात दम तुटला तेव्हा ठरल्याप्रमाणे चालायला लागले. कडेच्या मातीच्या बांधावर तेरडा फुललेला. एक सातेरी फुलात पूर्ण आत शिरली होती. या फुलाला मागे बारीक वळलेली शेपटी असते आणि मकरंद तिच्यात. तिथे पोहोचायला माशीला आत घुसावंच लागतं, आणि दाराच्या वर लटकलेला परागकोश तिच्या पाठीला घासतो. ती उलट्या पावली बाहेर आली तेव्हा पाठीवर पिठासारखा पांढरा पट्टा. अंगावरचा बाकीचा पराग ती पायांनी झाडून मागच्या पायावरच्या टोपलीत भरते, पण पाठीच्या मधोमध तिचे पाय नीट पोहोचत नाहीत. तेवढाच पुढच्या फुलाला मिळतो. चार माणसं मला ओलांडून गेली. मी ती माशी तिसऱ्या फुलात शिरेपर्यंत थांबले, मग निघाले आणि मुदतीच्या आत पोहोचले.

जमलेल्या पैशांचं काय करायचं यावरून घरात वाद झाला. काहींना पेट्यांवर देणगीदारांची नावं हवी होती. पावसाळ्यातल्या साखरेच्या पोत्यावर किंवा गेळ्याच्या रोपावर नाव कोरता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी मी हट्ट सोडला नाही. थोड्या पेट्या एका बचतगटाला दिल्या, पण दोन पावसाळ्यांची साखर आणि दर पंधरवड्याला पेटी उघडून बघणाऱ्या माणसाची मजुरी त्यासोबत धरून. बाकीचं सगळं जांभूळ, हिरडा आणि गेळ्याच्या रोपांवर.

रोपं पुढच्या जूनमध्ये लागतील. त्याआधी वणव्याचा बंदोबस्त करायचा आहे. गवत वाळलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये या उतारांना आग लागते, लावलीही जाते, आणि एका दुपारी दहा वर्षांची झाडं कोळसा होतात. जानेवारीत जाळरेषा काढायला काका, बचतगटातल्या बाया आणि किलोमीटरमागे पैसे दिलेले माझे दीर-जावा असे सगळे येणार आहोत. विळे आणि दाताळी गावातून मिळतील, पाण्याचे कॅन आम्ही न्यायचे.