व्हॉट्सॲप असताना मूडल कशाला?

मागच्या व्याख्यानानंतर हा प्रश्न आला, आणि तो रास्त आहे. सूचना द्यायला, नोट्स पाठवायला व्हॉट्सॲप पुरतं, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे आपण विचार करायला लावणारा प्रश्न टाकला, की काय होतं बघा. एक हुशार मुलगी दोन मिनिटांत उत्तर लिहिते आणि बाकीचे चाळीसजण शब्दशः अंगठा दाखवतात! त्या चाळिसांना काय वाटलं, ते आपल्याला कळतच नाही. मूडल या मोफत प्रणालीत चर्चेचा एक 'प्रश्नोत्तर' प्रकार आहे. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. टाकल्यावरही सहसा अर्धा तास थांबावं लागतं. म्हणजे चुकीचं का होईना, स्वतःचंच लिहावं लागतं.

प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसची तक्रार आहे, की लिखित मजकुराला काही विचारलं तर तो पुन्हा तेच सांगतो. (ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती लिहिली गेली म्हणूनच, ते असो.) रेकॉर्ड केलेलं व्याख्यानही तसंच, आमचं हेसुद्धा. म्हणून साधन निवडताना त्यात सोयी किती, हे आम्ही नंतर बघतो. मुलांना उलट प्रश्न करता येतो का, हे आधी.

मूडल मोफत असलं तरी सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल, तर वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात. आम्ही कित्येक वर्षं तेच केलं.