ताप उतरल्यावर पुन्हा सोनोग्राफी कशासाठी?

मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गात गळू किंवा अडथळा आढळलेल्या रुग्णाचा ताप उतरला, कुशीतली कळ थांबली, तरी डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी करावयास का सांगतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे. कड्यावर आदळून हाक परतावी, त्याप्रमाणे सेकंदास सामान्यतः २० ते ५० लाख कंपनांचा, कानांस अगोचर असा ध्वनी ऊतींच्या सीमांवरून परततो, आणि त्या प्रतिध्वनींच्या विलंबावरून व तीव्रतेवरून यंत्र चित्र रेखाटते. त्यात तुंबलेले मूत्र काळे आणि पुवाचे गळू बहुधा काळसर दिसते. हे डाग आकसले, सुजलेले मूत्रपिंड पूर्ववत झाले, म्हणजे सुधारणेचा दाखला मिळतो. सौम्य संसर्गात मात्र चित्र आरंभापासूनच निर्दोष दिसू शकते. म्हणून केवळ अहवालावर विसंबून प्रतिजैविके मध्येच सोडू नयेत.