संगणकाची विस्मृति

यंत्र बिघडलें कीं आपल्या घरांतून दोन उद्गार हटकून निघतात. ‘गेलें वाटतें!’ हा वडील मंडळींचा आणि ‘नवें घेऊं या’ हा मुलांचा. हे दोन्ही किती घाईचे ठरतात, याचा अनुभव नुकताच आमच्या नालासोपाऱ्याच्या घरीं आला. तो वाचकांच्या उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमचा संगणक बारा वर्षांचा. थोरल्या नातवानें त्याची जुनी पेटी व दोन्ही हार्ड डिस्का कायम ठेवून मदरबोर्ड बदलला आणि एम-टू जातीची एक बोटभर लांबीची नवी डिस्कहि बसविली. यंत्र सुरू झालें; पण जुन्या डिस्कांपैकीं एकहि त्यास दिसेना! एकींत आमच्या कुलवृत्तान्ताचें हस्तलिखित होतें. नऊ वर्षें गांवोगांव हिंडून तें जमविलेलें. माहिती सांगणारे बहुतेक वृद्ध आज हयात नाहींत. दुसरी प्रत नव्हती. त्या रात्रीं जेवण कोणासच गोड लागलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नातू लोकलनें ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या बाजारांत गेला. एका दुकानदारानें नुसती हकीकत ऐकूनच ‘दोन्ही मेल्या’ असा निकाल दिला. मला तो पटेना. न्यायशास्त्रांत लाघव म्हणून एक तत्त्व आहे : एका कारणानें भागत असतां दोन मानूं नयेत. काल चालणाऱ्या दोन डिस्का एकाच रात्रीं स्वतंत्रपणें मराव्या, यापेक्षां दोहोंना समान असें एकच कारण असणें अधिक संभवनीय.

मग आम्हीं अन्वय-व्यतिरेकाची कास धरली. म्हणजे एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि परिणाम पाहावयाचा. प्रथम बायोसची यादी पाहिली. तेथेंच नांव नसल्यावर विंडोजला दोष देण्यांत अर्थ नाहीं. मग यंत्र चालू असतां डिस्कच्या कडेस बोट टेकलें; हलकी थरथर लागली, म्हणजे वीज पोंचत होती. साटा डिस्कला दोन जोडण्या असतात : पंधरा टोकांची विजेची व सात टोकांची माहितीची. माहितीची केबल बदलली, फरक नाहीं. विजेची केबल दुसऱ्या पॉवर सप्लायची लावून पाहावी, असें नातवाच्या मनांत आलें. मीं त्यास थांबविलें. ती खांचेंत नीट बसली, तरी आंतील तारांचा क्रम निराळा असूं शकतो, आणि तेवढ्यानें धडधाकट डिस्क जळते!

शेवटीं मदरबोर्डची पुस्तिका उघडली. ती तोंवर कोणीच वाचली नव्हती. तींत बारीक अक्षरांत लिहिलें होतें : एम-टू खांचेंत डिस्क बसविल्यास पांचवा व सहावा साटा पोर्ट बंद होतात. आमच्या डिस्का नेमक्या तेथेंच! वीज बंद करून त्या पहिल्या दोन पोर्टांत लावल्या आणि यादींत दोन्ही नांवें उमटलीं. ‘आजोबा, दिसल्या!’ ही आरोळी ऐकून मुलांच्या आजीनें देवापुढें साखर ठेवली.

आमचें गांव म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांना येथें अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सांपडला. तुकडाच तो, परंतु तो मजकूर आज पूर्ण वाचतां येतो, कारण सम्राटानें तोच गिरनार, कालसी इत्यादि ठिकाणींहि कोरविला होता. दगडाची ही कथा, तर डिस्कची काय? आमच्या कुलवृत्तान्ताची एक प्रत आतां पुण्यास धाकट्या बंधूंकडे आहे व एक कागदावर. आपल्या घरीं एकुलती प्रत कशाकशाची आहे, हें वाचकांनीं आजच पाहावें.