नाहीशी होणारी सावली

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या काठी मौदा हे गाव आहे. तेथे भर दुपारी सूर्य रोजच माथ्यावर येतो, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तो खरा नव्हे.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान उत्तर-दक्षिण सरकताना दिसतो. मौदा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 21 अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अलीकडे आहे. म्हणून तेथे वर्षातून दोनदाच, 26 मे व 17 जुलै यांच्या सुमारास, सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. सरळ रोवलेल्या काठीची सावली त्या वेळी तिच्या बुडाशीच लोपते आणि विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोहोचते. जुलैतील योग बहुधा ढगच हिरावून घेतात!

घड्याळात बाराचे ठोके पडताच काठीकडे पाहणारा मात्र फसतो. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते, त्याच्या पश्चिमेस मौदा आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस तेथील खरा मध्यान्ह बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी होतो.

या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. एरवी ती उत्तरेकडे असते. कर्कवृत्ताच्या पलीकडील दिल्लीत मध्यान्हीची सावली कधीच नाहीशी होत नाही.