खूर शाबूत तर रोजी शाबूत

धामणगाव बढे (जि. बुलडाणा)

टांग्यांची जागा ऑटोरिक्षा आणि जीपगाड्यांनी घेतली, तरी घोडा आपल्या व्यवसायातून गेलेला नाही. लग्नसराईत घोडी आणि बग्गी लागतेच. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथे पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांवर अनेक घरांच्या चुली पेटतात. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडेवाले आणि नालबंद म्हणून या धंद्यात आपले बांधव पिढ्यानपिढ्या आहेत. म्हणून आज कापड आणि सुताचे भाव बाजूला ठेवून आम्ही घोड्याच्या खुराविषयी लिहीत आहोत.

बाजारात गिऱ्हाईक घोड्याचा रंग, उंची, चाल आणि भोवरे पाहते. पाय उचलून तळ पाहणारे थोडेच. आमचे सांगणे असे की इसार देण्यापूर्वी चारही पाय उचलून पाहावेत. भोवऱ्याने घोडा चालत नाही, खुराने चालतो.

खुराची रचना

घोड्याच्या खुराला आपण टाप म्हणतो, उर्दूत सुम म्हणतात. बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते. ती वरून खाली वाढते, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. म्हणजे पुढचा भाग पूर्ण नवा यायला ९ ते १२ महिने लागतात. आज चुकीचा खिळा मारला किंवा भेग पडू दिली, तर त्याची भरपाई व्हायला वर्ष जाते.

तळाच्या मध्यभागी रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. पाय टेकताच टाच थोडी फाकते, हा भाग दबतो, धक्का जिरतो आणि पायातले रक्त वर ढकलण्यास मदत होते. म्हणून हा भाग शोभेसाठी तासून टाकू नये. सैल, कुजलेला तुकडा तेवढा काढावा.

रोजची निगा

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात खुरात घट्ट बसते. तिच्यात शेण आणि मूत मिसळले की खूर कुजतो. काळा चिकट स्राव आणि दुर्गंधी ही त्याची खूण. उपाय महागडा नाही. सकाळ-संध्याकाळ चारही खूर कोरून साफ करावेत आणि ठाणाची जागा कोरडी व थोडी उंच ठेवावी. जळके ऑईल लावल्याने घाण आत दबते, रोग जात नाही. घोडा बांधून ठेवण्यापेक्षा कोरड्या कठीण जमिनीवर रोज फिरवावा. चालण्यानेच खूर मजबूत होतो.

खाण्याचाही खुराशी थेट संबंध आहे. घोड्याचे मुख्य अन्न गवत आणि चारा. लग्नसराईत लाडाने किंवा ताकदीसाठी एकदम जास्त हरभरा, दाणा दिला, तर खुराच्या आतल्या थराला सूज येते. खूर गरम लागतो, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. अशा वेळी त्याला चालवू नये, दाणा बंद करून ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे. उशीर झाला तर जनावर कायमचे अधू होते.

खुरात खिळा घुसला तरी डॉक्टरलाच दाखवावे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी.

नाल हवा की नको?

अमेरिकेतील नालबंद जेमी जॅक्सन यांनी १९८० च्या दशकात रानटी घोड्यांचे खूर अभ्यासले आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. रोज मैलोगणती चालणाऱ्या त्या घोड्यांचे खूर नालाविना आखूड, गोल आणि टणक राहतात. तेव्हापासून घोडा विनानाल ठेवण्याचा विचार बळावला.

आमच्या मते यात हट्ट नसावा. मातीवर चालणाऱ्या, हलके काम करणाऱ्या घोड्याला नाल लागेलच असे नाही. मात्र नाल काढल्यावर खूर कठीण व्हायला काही महिने द्यावे लागतात. दिवसभर डांबरी रस्त्यावर ओझे ओढणाऱ्याला नाल लागतो. पण गुळगुळीत फरशीवर लोखंड घसरते, हेही ध्यानात असावे. माथेरानला पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, ही घोडेवाल्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

नाल असो वा नसो, ६ ते ८ आठवड्यांनी खूर तासून घ्यावा. नाल खुराच्या मापाचा करावा. नालाच्या मापाने खूर कापणे म्हणजे शिवलेला कपडा बसावा म्हणून गिऱ्हाइकाला कापण्यासारखे आहे. टाचेकडे खिळे मारू नयेत, नाहीतर टाच फाकायला जागा उरत नाही.

नालबंदाचा हुनर

ट्रॅक्टर आले तसे बैलांचे काम घटले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या लागत. ती कमाई गेली. तरुण मुले हा हुनर सोडत आहेत. पण खूर नीट तासणारा हात यंत्राने मिळत नाही. ज्याला नालाबरोबर विनानाल खुराची तासणीही येते, त्याला लग्नाच्या घोड्या, रायडिंग क्लब आणि यात्रांमध्ये काम आहे. नालबंदांसाठी १९६५ पासून केंद्राचे परवाना नियम आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे. परवाना घ्यावा. कागद हाती असला की मजुरीही मान राखून मागता येते. घोडेवाल्यांनीही चार पैशांसाठी अर्धवट शिकलेल्याच्या हाती पाय देऊ नये.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल हा त्या याचिकेचा मुद्दा होता. जनावराची हेळसांड झाली की धंद्यालाच कुलूप लागते, हा धडा सर्वांनी घ्यावा.

कुरआन मजीदच्या सूरह अल-आदियातमध्ये धावत्या घोड्यांची आणि त्यांच्या टापांतून उडणाऱ्या ठिणग्यांची शपथ आली आहे. ज्या टापांचा असा उल्लेख झाला, त्या आपल्या ठाणावर चिखलात कुजू नयेत. मुके जनावर अमानत आहे, त्याचा जाब द्यावा लागेल. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.